विश्लेषण : सकाळी पळणारे पान दुपारी का अडखळते? वेबपेजमधील न काढलेल्या ‘हँडलर’चा हिशेब

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात सकाळी उघडलेले ऑनलाइन अर्जाचे पान पहिल्या दोन-तीन जणांना पटापट पुढे नेते. बारा वाजेपर्यंत तेच पान अडखळू लागते. अक्षर दाबले की उशिरा उमटते, तालुक्यांची यादी उघडायला वेळ लागतो, ‘सबमिट’ दाबल्यावर नुसते गोल फिरत राहते. रांगेतला माणूस म्हणतो, रेंज नाही. केंद्रचालक म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण तिसरेही एक कारण असते आणि ते ना टॉवरवर असते, ना कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये. ते त्या पानातच असते. पान बनवणाऱ्याने बटणांना आणि रकान्यांना जोडलेले ‘इव्हेंट हँडलर’ काम संपल्यावर काढलेलेच नसतात. हा प्रकार काय आहे, त्याचा अर्जदाराला फटका कसा बसतो आणि तो दुरुस्त करणे सोपे असूनही का राहून जातो, याचा हा आढावा.

इव्हेंट हँडलर म्हणजे नेमके काय?

मोबाइलच्या स्क्रीनवर बोट लागले, रकान्यात अक्षर पडले, पान वर सरकले, फोन आडवा झाला, इंटरनेट गेले आणि परत आले. यातील प्रत्येक गोष्टीची ब्राउझर नोंद घेतो. या घडामोडीला ‘इव्हेंट’ म्हणतात. ती घडल्यावर काय करायचे हे सांगणारा छोटा कोड म्हणजे ‘हँडलर’ किंवा ‘लिसनर’. हा कोड जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला असतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला होता. बटण दाबले की चौकट उघडावी, रकाना रिकामा राहिला तर सूचना यावी, अशा किरकोळ कामांसाठी ती होती. आज बँकेपासून पीक विम्यापर्यंतची पाने तिच्यावर चालतात.

शेतातल्या मोटारीचा ऑटोस्विच आठवला, तर हे लगेच कळेल. रात्री कधी लाइट येईल सांगता येत नाही, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच जोडून घरी येतो. ‘लाइट येणे’ हा इव्हेंट आणि ‘मोटार चालू कर’ हा हँडलर. शेतकरी झोपलेला असला तरी स्विच कान लावून बसलेला असतो. सोय मोठी आहे. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारींना ऑटोस्विच असेल, तर लाइट आल्या क्षणी सगळ्या एकदम चालू होतात, डीपीवर भार येतो आणि कधी डीपीच जळते. ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आली आहे, ते यासाठीच.

आता समजा, विहीर आटली म्हणून शेतकऱ्याने मोटार बोअरवर हलवली, तिथे नवा ऑटोस्विच बसवला, पण विहिरीवरचा जुना तसाच जोडलेला राहिला. पुढच्या वर्षी आणखी एक. लाइट आली की आता तीन स्विच जागे होतात. शेतात असे कोणी करत नाही, कारण स्विचला पैसे पडतात. वेबपेजवर हँडलर जोडणे फुकट असते. म्हणून तिथे मात्र हे सर्रास होते, आणि तिथली लाइट तर बोट लागेल तेवढ्या वेळा येते.

मग पूर्वी हा त्रास का जाणवत नव्हता?

पूर्वीच्या संकेतस्थळांवर प्रत्येक क्लिकला नवे पान उघडायचे. जुने पान गेले की त्याच्यासोबत त्याचे सगळे हँडलर, सगळी माहिती ब्राउझर पुसून टाकायचा. साफसफाई प्रोग्रॅमरला करावी लागत नव्हती, ती आपोआप होत होती.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पद्धत बदलली. आता अनेक संकेतस्थळांवर पान एकदाच उघडते आणि पुढचा सगळा बदल त्याच पानाच्या आत होतो. मेनू दाबला, अर्ज उघडला, यादीत परतलो, तरी ब्राउझरच्या लेखी आपण एकाच पानावर असतो. डेटा वाचतो, पान लवकर बदलते, अ‍ॅपसारखे वाटते. फायदे खरे आहेत. पण सकाळी दहाला उघडलेले पान संध्याकाळी सहालाही तेच असते. मधल्या काळात जोडलेले काहीही आपोआप पुसले जात नाही. ज्याने जोडले त्यानेच काढायला हवे.

एक उदाहरण घेऊ. अर्जात जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी यावी, तालुका निवडला की गावांची. ‘नांदेड’ निवडल्यावर सोळा तालुके समोर येतात. त्यात हिमायतनगर निवडले की गावांची यादी सर्व्हरकडून मागवली जाते. समजा प्रोग्रॅमरने असे लिहिले आहे की ‘नवीन अर्ज’ दाबताच कोरा अर्ज तयार करायचा आणि निवड बदलल्याची बातमी ऐकणारा हँडलर संपूर्ण पानावर जोडायचा. पहिल्या अर्जाला एक हँडलर. दुसऱ्या अर्जाच्या वेळी अर्ज नवा झाला, पण पानावरचा पहिला हँडलर तसाच राहिला आणि त्यात दुसऱ्याची भर पडली. विसाव्या अर्जाच्या वेळी तालुका एकदा निवडला, की एकच गावयादी वीस वेळा मागवली जाते. फोन वीस उत्तरांची वाट पाहतो, डेटा वीसपट जातो. आणि एकाच वेळी राज्यभरातील केंद्रांवर हे चालू असेल तर सर्व्हरवरचा भारही त्याच पटीत वाढतो. म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे केंद्रचालकाचे म्हणणे चूक नसते. फक्त तो डाऊन होण्यात त्याच्या समोरच्या पानाचाही वाटा असू शकतो.

ब्राउझर दुहेरी हँडलर ओळखत नाही का?

ओळखतो, पण अर्धवट. अगदी तोच हँडलर त्याच जागी दुसऱ्यांदा जोडायला गेले, तर ब्राउझर दुर्लक्ष करतो. अडचण अशी की बहुतेक प्रोग्रॅमर हँडलर जागच्या जागी, नाव न देता लिहितात. मजकूर शब्दशः तोच असला तरी दर वेळी लिहिलेला बिननावाचा हँडलर ब्राउझरसाठी नवा असतो. जुळ्या भावंडांचे चेहरे सारखे असले तरी रेशनकार्डावर नोंदी दोन असतात, तसे. काढतानाही हीच अडचण येते. काढायचा हँडलर कोणता, हे ब्राउझरला नेमके दाखवावे लागते. आणि नावच ठेवलेले नसेल तर दाखवणार काय? अनेकदा प्रोग्रॅमरने काढण्याची ओळ इमानदारीने लिहिलेली असते, पण तिथे हँडलरची नवी प्रत दिलेली असते. ब्राउझर कुठलीही चूक दाखवत नाही. जुना हँडलर मात्र जागेवरच राहतो. या प्रकारातली ही सर्वांत फसवी गोष्ट आहे.

मेमरीचे गणित याहून थोडे किचकट आहे. ब्राउझरमध्ये नको असलेली माहिती गोळा करून जागा रिकामी करणारी यंत्रणा असते. तिचा नियम साधा आहे : ज्या वस्तूकडे पानातील कोणीही बोट दाखवत नाही, ती कचरा. एखादे बटणच पानावरून गेले आणि त्याच्याकडे कोणाचे बोट उरले नाही, तर त्याचा हँडलरही सोबत जातो. त्यामुळे प्रत्येक न काढलेला हँडलर घातक नसतो, हेही सांगायला हवे. घातक असतात ते संपूर्ण पानावर किंवा खिडकीवर जोडलेले. पान संपेपर्यंत ते जिवंत राहतात आणि त्यांनी ज्या ज्या वस्तूंचा उल्लेख केला आहे, त्या सगळ्यांना धरून ठेवतात. भरून झालेला अर्ज स्क्रीनवरून गेलेला असतो, पण त्यातले रकाने, अपलोड केलेला बँक पासबुकचा फोटो, गावांची यादी, सगळे मेमरीत शिल्लक असते. आजच्या मोबाइल कॅमेऱ्याचा एक फोटो काही एमबींचा असतो. विसाव्या अर्जापर्यंत बेरीज कुठे जाते, याचा अंदाज यावा. दर काही सेकंदांनी चालणारे ‘टायमर’ आणि सर्व्हरशी उघडी ठेवलेली जोडणी यांनाही हेच लागू आहे.

दहा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे लक्षातही येत नाही. पान तयार करणारा माणूस तशाच लॅपटॉपवर बसलेला असतो. ते वापरणाऱ्याच्या हातात मात्र अनेकदा दोन-तीन जीबी रॅमचा फोन असतो. २०२१ मध्ये आलेल्या जिओफोन नेक्स्टची रॅम २ जीबी होती; त्यातूनच अँड्रॉइड, कीबोर्ड, व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर या सगळ्यांना भागवायचे असते.

फोन मंद होतो, एवढेच ना?

नाही. मंद होणे हा त्यातला सर्वांत कमी नुकसानीचा भाग आहे.

पहिला फटका म्हणजे एकाच अर्जाची दोनदा नोंद. ‘तुम्ही भरलेली माहिती बरोबर आहे का?’ असे विचारणारी चौकट अनेक अर्जांत शेवटी येते. ती उघडताना दर वेळी ‘होय’ या बटणाला नवा हँडलर जोडला जात असेल, तर काय होते ते पाहा. अर्जदार चौकट उघडतो, नावात चूक दिसते, मागे जातो, दुरुस्त करतो, पुन्हा चौकट उघडतो. आता ‘होय’ एकदा दाबले तरी अर्ज दोनदा जातो. जो माणूस काळजीपूर्वक तपासतो त्याचाच अर्ज दुहेरी होतो, ही यातली विचित्र बाब. सर्व्हरने दुसरी नोंद नाकारली तर स्क्रीनवर ‘हा आधार क्रमांक आधीच वापरलेला आहे’ असा लाल मजकूर येतो. पहिला अर्ज यशस्वी झालेला असतो, पण त्याचा पोच क्रमांक दाखवणारा संदेश या दुसऱ्या उत्तराखाली झाकला गेलेला असतो. अर्जदार अर्ज फेटाळला असे समजून तहसीलच्या फेऱ्या सुरू करतो. सर्व्हरने दोन्ही नोंदी स्वीकारल्या, तर छाननीत ‘दुबार अर्ज’ म्हणून दोन्ही अडकण्याची भीती. शुल्क भरण्याच्या पानावर असे झाले तर पैशांचा प्रश्न येतो.

दुसरा प्रकार केंद्रचालकांच्या ओळखीचा आहे. अर्ज अर्धवट असताना टॅब बंद करायला गेल्यास ब्राउझर विचारतो, पान सोडायचे का, बदल सेव्ह होणार नाहीत. ही सूचना उपयोगाची आहे. त्यासाठीही एक हँडलर असतो. अर्ज जमा झाल्यावर तो काढायला हवा. काढला नाही, तर यशस्वी अर्जानंतरही तीच सूचना येते. चालक घाबरतो, मागे जातो आणि पुन्हा ‘सबमिट’ दाबतो.

तिसरा प्रकार ओटीपीचा. ओटीपी पाहण्यासाठी आपण ब्राउझर सोडून मेसेजमध्ये जातो. फोनची मेमरी भरत आली असेल तर अँड्रॉइड मागे गेलेले टॅब बंद करून जागा करतो, आणि जो टॅब जास्त जागा खातो तो आधी जाण्याची शक्यता अधिक. ओटीपी पाठ करून परत येईपर्यंत पान नव्याने उघडलेले असते. अर्ज कोरा, ओटीपी वाया.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे काम राज्यात १८ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाले, तेव्हा ओटीपी हा शब्द घराघरांत पोहोचला. आधी लाभार्थी महिलेच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, मग पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. दोन कोटींहून अधिक महिलांना हे करायचे होते. ओटीपीच्या तांत्रिक अडचणी महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीही तेव्हा मान्य केल्या होत्या आणि मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. ओटीपी येतच नाही, ही प्रामुख्याने सर्व्हर आणि संदेश यंत्रणेची अडचण असते. तिचे खापर पानातील हँडलरवर फोडता येणार नाही. ओटीपी आला, पण तो टाकायला परत येईपर्यंत अर्ज गायब झाला, तर मात्र संशयाची सुई पानाकडे आणि फोनच्या मेमरीकडे वळते. दोन्ही तक्रारी ‘साइट चालत नाही’ या तीन शब्दांत नोंदवल्या जातात आणि पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लावला जातो : सर्व्हर वाढवा. सर्व्हर वाढवून फोनमधला गोंधळ कमी होत नाही.

जगातल्या मोठ्या कंपन्यांना हे झाले आहे का?

झाले आहे, आणि वारंवार. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ च्या काळात पानावरील घटक आणि त्याचा हँडलर एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर पान बंद केल्यावरही ती मेमरी सुटत नसे. ब्राउझरच बंद करावा लागे. २००९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ही गळती बऱ्याच अंशी आवरली. आपल्याकडच्या अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते’ ही ओळ त्यानंतरही कित्येक वर्षे होती, ते वेगळे.

जानेवारी २०११ मध्ये ट्विटरचे पान खाली सरकवताना प्रचंड अडखळू लागले होते. जेक्वेरी ही प्रसिद्ध लायब्ररी लिहिणारे जॉन रेसिग यांनी त्याची चिकित्सा केली. पान सरकण्याच्या इव्हेंटला थेट हँडलर जोडलेला होता. बोट एकदा फिरवले तरी हा इव्हेंट कितीतरी वेळा घडतो आणि दर वेळी हँडलर पूर्ण पानात शोधाशोध करत होता. त्यांचा सल्ला होता : सरकण्याच्या हँडलरमध्ये फक्त ‘सरकले’ एवढी नोंद ठेवा आणि खरे काम थोड्या थोड्या अंतराने करा. बातम्यांची संकेतस्थळे, ज्यांवर खाली सरकत राहिले की पुढची बातमी आणि पुढची जाहिरात येत राहते, त्यांनी हा सल्ला आजही भिंतीवर लावण्यासारखा आहे.

फेसबुकने २०२० मध्ये आपले संकेतस्थळ एकाच पानात चालणाऱ्या पद्धतीवर नेले. त्यानंतर मेमरी संपून टॅब कोसळण्याचा प्रश्न समोर आला. कंपनीने गळती शोधणारे ‘मेमलॅब’ हे साधन तयार केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. ते वापरून टॅब कोसळण्याचे प्रमाण निम्म्याने घटल्याचे कंपनीने सांगितले होते. या साधनाची पद्धत गमतीची आहे : पान उघडायचे, एक काम करायचे, ते काम उलटे करून मूळ जागी परतायचे आणि मग मेमरीत काय शिल्लक राहिले ते पाहायचे. आपण घरातून पाहुणे गेल्यावर काय विसरले ते पाहतो, तसेच.

ब्राउझर कंपन्यांनी काय बदलले?

हँडलर काढण्याचा मार्ग नवा नाही. जोडणे आणि काढणे या दोन्ही सूचना वेबच्या प्रमाणित नियमांत नोव्हेंबर २००० पासून आहेत. नवे आहे ते हे काम सोपे होणे. २०१६ च्या सुमारास ‘एकदाच चाल आणि स्वतःला काढून टाक’ असे हँडलरला सांगायची सोय ब्राउझरमध्ये आली. ‘सबमिट’सारख्या बटणाला ती चपखल बसते. २०२१ मध्ये त्याहून उपयोगी सोय आली : अनेक हँडलर एकाच ‘सिग्नल’ला बांधायचे आणि काम संपले की सिग्नल रद्द करायचा, बांधलेले सगळे हँडलर एका ओळीत सुटतात. एकेका मोटारीचा स्विच शोधत फिरण्याऐवजी डीपीवरचा मेन स्विच खाली ओढण्यासारखे. बिननावाच्या हँडलरची वर सांगितलेली अडचणही त्यामुळे संपते, कारण हँडलर दाखवावा लागत नाही, सिग्नल पुरतो.

पाने बनवायला वापरली जाणारी रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर ही साधने घटक पानावरून जाताना साफसफाई करायची जागा देतात. मार्च २०२२ मधील रिअ‍ॅक्ट १८ ने आणखी एक पाऊल टाकले. प्रोग्रॅमर काम करत असताना, ‘स्ट्रिक्ट’ पद्धतीत, ते प्रत्येक घटक मुद्दाम दोनदा जोडते. साफसफाई राहिली असेल तर हँडलर लगेच दुहेरी होतो आणि चूक समोर दिसते. यावर तक्रार करणारे प्रोग्रॅमर पुष्कळ भेटतात. काही जण ही पद्धतच बंद करून टाकतात. धुराचा अलार्म वाजतो म्हणून बॅटरी काढण्यातला हा प्रकार आहे.

गुगलने क्रोममधून काही जुने इव्हेंट हटवायलाही सुरुवात केली आहे. पानातील प्रत्येक बदलावर धावणारे ‘म्युटेशन इव्हेंट’ जुलै २०२४ मधील आवृत्ती १२७ पासून काढले गेले; ते पान फार मंद करत. पान सोडताना चालणारा ‘अनलोड’ हा इव्हेंट टप्प्याटप्प्याने बंद करण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. त्याचा संबंध थेट ‘बॅक’ बटणाशी आहे. ब्राउझर मागचे पान जसेच्या तसे मेमरीत जपून ठेवतो, म्हणून ‘बॅक’ दाबताच ते क्षणात परत येते. पानावर ‘अनलोड’चा हँडलर असेल तर संगणकावरील क्रोम आणि फायरफॉक्स ते पान जपून ठेवत नाहीत, ते नव्याने मागवावे लागते. सेवा केंद्रातील संगणकावर ‘बॅक’ दाबल्यावर अर्ज कोरा होण्यामागे हेही एक कारण असू शकते. मोबाइलवर तर हा इव्हेंट अनेकदा चालतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबून लिहिलेली ‘जाता जाता सेव्ह कर’ ही सोय तिथे कागदावरच राहते.

शिवाय १२ मार्च २०२४ पासून गुगलने संकेतस्थळांच्या मोजमापात नवा निकष आणला. पान किती लवकर उघडते एवढेच न पाहता, वापरताना बोट लागल्यापासून स्क्रीनवर बदल दिसेपर्यंत किती वेळ जातो, तो मोजला जातो. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगले, ५०० च्या वर गेले तर वाईट. विसाव्या अर्जाच्या वेळचा अडखळणे आता निदान आकड्यात पकडता येते.

साधने आहेत, मग दुरुस्ती का होत नाही?

कारण तपासणी पहिल्या अर्जापाशीच थांबते. पान तयार झाले की त्यावर एक अर्ज भरून दाखवला जातो, तो यशस्वी होतो, काम पूर्ण. विसावा अर्ज कोणी भरत नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांगांना वापरता येणे, सुरक्षितता, मजकुराचा दर्जा यांवर त्यांचा भर आहे आणि तो योग्यच आहे. पण अर्जाचे पान दिवसभर उघडे ठेवून वापरले जाते, एका फोनवरून अख्ख्या गल्लीचे अर्ज भरले जातात, हा आपल्याकडचा वापर समोर ठेवून चाचणी घेतली जावी, अशी अट कामाच्या निविदेत घालणे संबंधित विभागाच्या हातात आहे.

शिक्षणाचाही भाग आहे. अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकात बटणाला हँडलर जोडायला शिकवतात. बटण चालले की गुण मिळतात. तो काढायला लावणारे प्रात्यक्षिक प्रस्तुत प्रतिनिधीच्या तरी वाट्याला आले नव्हते. नोकरीतही दिसणारे काम जोडण्याचे असते. काढलेली गोष्ट कोणाला दाखवता येत नाही.

आणि सर्व्हरच्या बाजूने एक बचाव नेहमी हवाच. प्रत्येक अर्जाला उघडतानाच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता पहिल्याचाच पोच क्रमांक परत द्यायचा. मग पानाने अर्ज तीनदा पाठवला तरी अर्जदाराला यशस्वी अर्जाचीच पावती दिसते. पानातील सगळे हँडलर तपासण्याआधी ही एक गोष्ट केली, तरी निम्मी भांडणे मिटतील.

अर्ज भरणाऱ्याने काय करावे?

पान दुरुस्त करणे वापरणाऱ्याच्या हातात नाही, पण साचलेले पुसणे आहे. तीन-चार अर्ज झाले की पोच क्रमांक लिहून घेऊन टॅब बंद करावा आणि नव्याने उघडावा. केवळ मुखपृष्ठाच्या मेनूवर जाणे पुरेसे नाही. एकाच पानात चालणाऱ्या साइटवर त्याने काहीच पुसले जात नाही. ‘सबमिट’ दाबल्यावर ‘आधीच नोंद आहे’ असे दिसले, तर पुन्हा भरण्याआधी अर्जाची स्थिती तपासावी. पहिला अर्ज पोहोचलेला असण्याची शक्यता मोठी असते. ओटीपीसाठी मेसेजमध्ये जाण्याऐवजी वरून येणाऱ्या सूचनेतच तो वाचावा, आणि मोठे अर्ज भरताना बाकीची अ‍ॅप बंद ठेवावीत. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ असे न लिहिता कितव्या अर्जाला, कोणत्या फोनवर, कोणते बटण दाबल्यावर अडले ते लिहावे. एवढ्या माहितीवर प्रोग्रॅमर नेमक्या ओळीपर्यंत पोहोचू शकतो.

प्रोग्रॅमरसाठी तर तपासणी अर्ध्या तासाची आहे. दोन जीबी रॅमचा फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा, क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये हँडलरची एकूण संख्या दाखवणारा आलेख उघडायचा आणि एकच अर्ज वीस वेळा भरून रद्द करायचा. प्रत्येक वेळी आकडा वाढून पुन्हा खाली आला पाहिजे. पायऱ्या चढल्यासारखा तो वरच जात राहिला, तर हिमायतनगरच्या रांगेतला विसावा माणूस अडणार आहे.